चार दिवसांनी चुकलेलं म्हातारपण

"म्याडम, माह्या काचा द्या जी."

सोमवारची सकाळ होती. रिसेप्शनवरच्या लताने अडवायच्या आत ती थेट माझ्या मायक्रोस्कोपपाशी येऊन उभी राहिली. वय तिशीच्या आतलं, पायात स्लीपर, छातीशी प्लास्टिकची फाइल. तिच्या मागोमाग तिची सासू आली, हातात भाजीची पिशवी. दोघींचे चेहरे असे, की घरून निघताना बराच वाद झाला असावा.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. वर्ध्यात माझी लॅब आहे आणि या कामात मला एकतीस वर्षं झाली. आमच्याकडे पेशंट फारसा येत नाही, त्याचा तुकडा येतो. डॉक्टर शरीरातला लहानसा तुकडा काढून बाटलीत घालून पाठवतात. आम्ही तो मेणात बसवतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापतो, काचेवर घेतो, रंगवतो आणि मायक्रोस्कोपखाली बघून काय आहे ते लिहून देतो. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर पेशंटला या काचा मागून नेता येतात. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. हिला होतं.

"कुठे दाखवायच्या आहेत?" मी विचारलं.

"नागपूरले. तुमच्या रिपोर्टात हाय का माही पिशवी म्हातारी झाली. मी एकोणतीस वर्षाची हाय, म्याडम. पिशवी म्हातारी कशी होईन?"

खरं सांगायचं तर मला राग आला. एक तर मी 'पिशवी म्हातारी' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. दुसरं म्हणजे माझा रिपोर्ट कोणी दुसरीकडे तपासायला नेणार म्हटलं की अजूनही माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. लताला काचा काढायला सांगितल्या आणि लॅबची फाइल उघडून मीच माझा रिपोर्ट परत वाचला. शब्द वेगळे होते, पण तिने काढलेला अर्थ चुकीचा नव्हता.

हिचं नाव प्रणिता. घर आंजीकडे. भाजीपाल्याची वाडी आहे. कारली, दोडकी, वांगी काढून वर्ध्याच्या बाजारात आणतात. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या डॉ. वानखडे यांच्याकडे ती आणि तिचा नवरा गजानन दोन वर्षांपासून जात होते. तिच्या बीजांडातून आणि त्याच्या बीजातून लॅबमध्ये तीन गर्भ तयार झाले. ते गोठवून ठेवले. दोन एकेक करून पिशवीत सोडले, दोन्ही रुजले नाहीत. तिसरा आणि शेवटचा फ्रीझरमध्ये होता. पुन्हा बीजांडं काढायची तयारी ना तिच्या अंगात उरली होती, ना घरच्यांच्या मनात.

गर्भ चांगले, तरी रुजत का नाहीत, हे शोधायला वानखडेंनी तिच्या पिशवीच्या अस्तराचा तुकडा माझ्याकडे पाठवला होता. सोबत चिठ्ठी: 'मॅडम, म्हाताऱ्या पेशी मोजून द्या.'

ही म्हाताऱ्या पेशींची गोष्ट आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गर्भपिशवीला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं, पिकतं, गर्भ आला नाही की गळून जातं. तीच पाळी. बी टाकण्याआधी वाफा तयार करावा तसं हे काम आहे. पिकण्याच्या काळात अस्तरातल्या काही पेशी मुद्दाम म्हाताऱ्या होतात. म्हाताऱ्या म्हणजे मेलेल्या नव्हेत. त्यांची वाढ थांबते, पण त्या जागेवर बसून राहतात आणि आजूबाजूच्यांना सारखे निरोप पाठवत राहतात. ओसरीवर बसलेला एखादा आजोबा कसा, स्वतः काही करत नाही पण येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सूचना देतो, तसं. थोडे आजोबा असलेले बरे. त्यांच्या त्या निरोपांनी अस्तर सैल होतं आणि गर्भाला आत शिरायला जागा मिळते. मग शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी येतात आणि त्यांना हळूच उचलून नेतात. पण आजोबांची गर्दी झाली, किंवा सफाईवाले आलेच नाहीत, तर सगळी ओसरी चिडचिडी होते. गर्भ टेकतो, पण धरत नाही.

हे काही बायकांत खरोखर होतं. वयाने होतं, जुन्या सुजेने होतं, कधी कारण सापडतही नाही. या पेशी एका खास रंगाने तपकिरी दिसतात. ही तपासणी रोजच्यातली नाही. ती अजून शिकण्याच्या पायरीवर आहे आणि तिच्या भरवशावर मोठे निर्णय घेऊ नयेत, असं माझं मत तेव्हाही होतं. पण वानखडे नव्या गोष्टींचे हौशी, आणि मलाही हौस नव्हती असं नाही.

आता यातली मेख. म्हाताऱ्या पेशी किती असाव्यात हे पाळीच्या दिवसावर ठरतं. विसाव्या दिवशी त्या थोड्या असतात. पाळी जवळ येत जाते तशा वाढतात, आणि ते वाढणं अगदी रीतसर असतं. म्हणून तुकड्यासोबत येणाऱ्या फॉर्मवर सगळ्यात महत्त्वाचा रकाना एकच. शेवटच्या पाळीची तारीख.

प्रणिताच्या फॉर्मवर तारीख होती आधीच्या महिन्याची सतरा. तुकडा काढला सहा तारखेला. मोजून विसावा दिवस. आणि काचेवर तपकिरी पेशींची ही गर्दी. मोजण्याच्या यंत्रावरचं माझं बोट थांबेना. बाकीचं अस्तरही विसाव्या दिवसाचं वाटत नव्हतं. रक्तवाहिन्यांभोवती पेशी अशा फुगल्या होत्या, जशा त्या चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी फुगतात. मला ते दिसलं होतं. रिपोर्टात लिहिलंही होतं, 'अस्तर तारखेच्या पुढे गेलेलं.' पण दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या छान बसल्या, की मी खूश झाले. अस्तर लवकर पिकतंय, लवकर म्हातारं होतंय, म्हणून गर्भ धरत नाही. दोन ओळींत निदान. सही, शिक्का, पाठवून दिलं.

"मग वानखडे सर काय म्हणाले?" मी प्रणिताला विचारलं.

"म्हने आता तिसरा ठेवून काई उपयोग नाई. वायाच जाईन. ठेवाचाच असन तं दुसऱ्या बाईच्या पोटात ठेवा लागन, नाई तं सोडून द्या. या शुक्रवारी सही कराची हाय." तिने फाइल घट्ट धरली. "घरातले म्हनतात, सही करून टाक. देवाले मंजूर नाई. मी म्हनलं, देवाचं मंग पाहू, आधी काचा पाहू."

हे ऐकून माझा राग थोडा उतरला. मला अशी माणसं आवडतात.

मागे उभी असलेली सासू आता पुढे आली. नाव सुभद्राबाई. तिने भाजीच्या पिशवीतून दोन कारली काढून टेबलावर ठेवली, बहुधा सवयीने, आणि म्हणाली, "बाई, काई तरी औषद असन नं? येवढ्या लहान वयात म्हातारपन येते काय? मले तं पंचावनाव्या वर्षीबी नाई आलं."

हसू आलं, पण मी आवरलं. लता काचा घेऊन आली होती. त्या बांधून द्यायच्या म्हणून मी नेहमीचे प्रश्न विचारायला लागले. दुसरीकडे काचा जाताना आम्ही एक टिपण सोबत देतो. तुकडा कधी काढला, पुढची पाळी कधी आली, वगैरे. हे टिपण मी लतावर सोडते. त्या दिवशी ते मीच लिहायला घेतलं, त्यालाही कारण रागच. नागपूरच्या डॉक्टरला माझ्या कागदात एकही रिकामा रकाना सापडू नये असं मला वाटत होतं.

"तुकडा सहा तारखेला काढला. त्यानंतर पाळी कधी आली?"

"पाचव्याच दिवशी, म्याडम. अकराले."

माझं पेन थांबलं. विसाव्या दिवशी तुकडा काढला, तर पाळी यायला आणखी आठ-नऊ दिवस हवेत. पाच नव्हे.

"नक्की अकरा?"

"नक्की. बाजाराचा दिवस होता. मी भाजीच्या जुड्या बांधून राह्यलती. मंग उठा लागलं. आमाले वाटलं, त्या नळीनं आली असन लवकर."

तुकडा काढायची नळी बारीक असते, पण तिच्यामुळे पाळी इतकी लवकर सुरू झालेली मी तरी पाहिली नव्हती. "तारीख कुठे लिहिलेली आहे?"

"कॅलेंडरवर असते. आईच लिहितात. यायच्या मोबाइलात फोटो असते." 'यायच्या' म्हणजे गजाननच्या. तो बाहेर टेम्पोपाशी उभा होता. लताने त्याला बोलावलं. तिशीचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेला, आत येताच दोन्ही हात जोडले. मोबाइल काढला आणि अभिमानाने म्हणाला, "म्याडम, दोन वर्षाचे सगळे फोटो हायत. वानखडे सर म्हनतात, तुमच्याएवढं पक्कं रेकॉर्ड दवाखान्यात कोनाचंच नाई."

फोटोत स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर होतं. आधीच्या महिन्यात सतरा तारखेवर कुंकवाचा ठिपका. नंतरच्या महिन्यात पंधरा तारखेवर ठिपका.

"इथे तर पंधरा आहे," मी म्हटलं. "प्रणिता, तू अकरा म्हणतेस."

"अकराच," ती म्हणाली.

"पंधराच हाय," गजानन म्हणाला. "फोटोत दिसून राह्यलं नं."

नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं, हे मला दिसत होतं. आणि दोघांचं खरं एकाच वेळी कसं, ते मला कळत नव्हतं. एकतीस वर्षं काम करून अशा वेळी माणूस थोडा मूर्ख दिसतो. मी दिसत होते.

उत्तर सुभद्राबाईंनी दिलं, तेही मोठ्या सहजपणे. "अवो, थो ठिपका न्हायाचा हाय. पाचव्या दिवसाचा."

"म्हणजे?"

"म्हंजे, ते अकराले बाजूले बसली. चार दिवस तिचा हात वाडीले लागत नाई. वेलाले हात लागला का कारले पिवळे पडतात. पाचव्या दिवशी डोक्शावरून न्हाते, मंग वाडीत जाते. थ्या दिवशी मी कुकू लावते. कोनत्या दिवशी तिचा हात मिळनार, कोनत्या दिवशी कारल्याचा तोडा कराचा, हे मले समजा लागते नं बाई. बाजूले बसल्याचं कोन लिवून ठेवन कॅलेंडरवर? देवाचं चित्र हाय वर."



मी मनात हिशेब केला. ठिपका पाचव्या दिवसाचा. म्हणजे सतरा तारीख पाळीचा पहिला दिवस नव्हता, पाचवा होता. पाळी तेराला आली होती. तुकडा विसाव्या दिवशी नाही, चोविसाव्या दिवशी काढला होता. आणि चोविसाव्या दिवशी त्या काचेवर जे दिसत होतं, ते सगळं जिथल्या तिथे होतं. फुगलेल्या पेशी, तपकिरी आजोबा, सगळं. अस्तर तारखेच्या पुढे गेलेलं नव्हतं. तारीखच मागे होती.

एका बाईला मी चार दिवसांच्या चुकीने म्हातारी करून ठेवलं होतं.

"दवाखान्यात तारीख कोण सांगायचं?" मी गजाननला विचारलं.

"मीच जी. काउंटरवर सिस्टर इचारे, पाळीची तारीख? मी फोटो दाखवो." त्याचा आवाज बारीक झाला होता.

"आणि औषधं कधी सुरू करायची?"

"ठिपका लागला का मी सिस्टरले मेसेज करो. ते म्हने, उद्यापासून गोळ्या सुरू करा."

या गोळ्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी सुरू करायच्या असतात. त्यांनी अस्तर तयार होतं आणि शरीराने स्वतःहून बीजांड सोडू नये इतका त्यांचा दाब राहतो. इथे त्या सहाव्या दिवशी सुरू होत होत्या. तोवर शरीर आपल्या वेळापत्रकाने पुढे निघालेलं असणार. आधीचे दोन गर्भ त्यामुळेच गेले, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गर्भ न रुजण्याची कारणं शंभर असतात. पण वाफा पुढे गेला आणि बी मागून आलं, असं झालं असण्याची शक्यता भरपूर होती.

"प्रणिता, तुला माहीत होतं ना पाळी कधी आली ते? तू का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "मले कोनी इचारलंच नाई, म्याडम. मी आत कपडे बदलाले जाओ, तवर हे तारीख सांगून मोकळे होत. मले वाटलं, डॉक्टरले न्हायाचीच तारीख पायजे असन."

सुभद्राबाईंचा चेहरा उतरला होता. त्यांना एवढंच कळलं होतं की ठिपक्याचं काहीतरी चुकलं. "माह्यानं झालं काय हे?" त्या म्हणाल्या. "माह्या कुकवानं लेकरू गेलं काय, बाई?"

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. "मावशी, तुमचा ठिपका तुमच्या कामासाठी अगदी बरोबर होता. तो कशाचा आहे हे विचारायचं काम आमचं होतं. आम्ही विचारलं नाही."

मी लगेच वानखडेंना फोन लावला. ते ओपीडीत होते.

"सर, प्रणिताच्या फॉर्मवरची तारीख चुकलेली आहे. चार दिवसांनी."

"शक्यच नाही, मॅडम. त्यांचं रेकॉर्ड माझ्याकडे सगळ्यात व्यवस्थित आहे."

"व्यवस्थित आहेच. फक्त ते आंघोळीचं रेकॉर्ड आहे."

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे आम्ही दोन्ही वेळेला..." ते म्हणाले आणि थांबले.

"ते आता कळणार नाही, सर. तिसऱ्याचं बोलू या. शुक्रवारची सही थांबवा."

"थांबवतो. पण मॅडम, रिपोर्ट तुमचा होता. तुम्हाला शंका आली नव्हती?"

हा प्रश्न योग्य होता, म्हणून जास्त झोंबला. "आली होती," मी म्हटलं. "पण निदान इतकं सुबक जमलं होतं, की ते मोडायला जीव झाला नाही. सुधारित रिपोर्ट आजच पाठवते. कारणासकट."

आमच्या कामात चुकलेला रिपोर्ट फाडून टाकता येत नाही. जुना तसाच ठेवायचा, त्यावर नवा लावायचा, वर 'सुधारित' असं ठळक लिहायचं आणि का सुधारला तेही लिहायचं. लताने कागद प्रिंटरमधून काढून वाचला आणि विचारलं, "मॅडम, 'पॅथॉलॉजिस्टने तारखेची खातरजमा केली नव्हती' हे वाक्य ठेवायचं?" मी म्हटलं, ठेव. गावात चार लोक बोलले असतील. बोलू देत.

पुढच्या पाळीला वानखडेंनी कॅलेंडर बाजूला ठेवलं. पाळी सुरू झाली त्याच दिवशी प्रणिताने स्वतः फोन केला. मग सोनोग्राफीत बीजांड केव्हा सुटलं ते पाहिलं आणि तिथून दिवस मोजून तुकडा घेतला. या खेपेला खरोखरचा विसावा दिवस.

बाटली आली तेव्हा मी एक काळजी घेतली. मनात हवं असलेलं उत्तर डोळ्यांना दिसतं, हे मी नुकतंच शिकले होते. आणि आता मला काय हवंय, ते मला फार स्पष्ट माहीत होतं. म्हणून लताला सांगितलं, हिची काच दुसऱ्या तिघींच्या काचांत मिसळ, नावं झाकून टाक, फक्त एक-दोन-तीन-चार लिही. चारही काचा मी न ओळखता मोजल्या. पहिलीत तपकिरी पेशी बऱ्याच. दुसरीत थोड्या. तिसरीत नावापुरत्या. चौथीत बऱ्यापैकी.

"उघड," मी म्हटलं.

लताने पट्ट्या काढल्या. तिसरी काच प्रणिताची होती.

मी खुर्ची मागे सरकवली. लता हसत होती. मी तिला उगाचच दटावलं, की हसतेस काय, रिपोर्ट टाइप कर. मग दोघींसाठी चहा मागवला, तोही साखरेचा, जो मला बंद आहे.

त्या पहिल्या काचेचंही सांगायला हवं. ती दुसऱ्या एका बाईची होती, वय बेचाळीस, तारीख पक्की. तिच्या अस्तरात म्हाताऱ्या पेशी खऱ्या होत्या आणि जुनी सूजही होती. तिचे उपचार तिच्या डॉक्टरांनी वेगळ्या वाटेने सुरू केले. एकीची तारीख चुकली म्हणून हा आजारच खोटा, असं कोणी म्हणू नये. कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे नीट बघावं लागतं, एवढंच.

त्याच्या पुढच्या महिन्यात शेवटचा गर्भ ठेवला. मी कधी कोणासाठी नवस बोलत नाही. तेव्हाही बोलले नाही, पण गिरडच्या दर्ग्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईला, जमलं तर माझ्याही नावाने डोकं टेकव, असं सांगून ठेवलं. कशासाठी ते सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी प्रणिता रक्त द्यायला आमच्याच लॅबमध्ये आली. पोट राहिलं की नाही हे त्या तपासणीत कळतं. सुभद्राबाई सोबत होत्या, गजानन बाहेर येरझारा घालत होता. "किती टाइम लागन?" प्रणिताने विचारलं. "दीड तास," मी म्हटलं. "घरी जा, फोन करते." कोणी हललं नाही. तिघंही बाकावर जाऊन बसले.

मशीनने आकडा दिला. मी तो पाहिला, नमुन्यावरचं नाव पाहिलं, नंबर पाहिला आणि तेच रक्त पुन्हा लावलं. दुसऱ्यांदाही तोच आकडा. मग मी स्वतः बाहेर गेले. एकतीस वर्षांत रिपोर्ट सांगायला मी बाकापर्यंत कधी गेले नव्हते.

"प्रणिता, धरलंय."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. गजाननने माझे पाय धरायला वाकून लताचे धरले. सुभद्राबाई भिंतीला टेकून बसल्या आणि नुसत्या 'बाप्पा, बाप्पा' म्हणत राहिल्या. मी चष्मा पुसला. तो खराब झालाच होता.

पुढचे महिने वानखडेंचे. अधूनमधून गजाननचे मेसेज येत. सगळं ठीक हाय, म्याडम. साखर नॉर्मल. बाळ फिरून राह्यलं. दरम्यान मी लॅबचा फॉर्म नव्याने छापून घेतला. जिथे 'शेवटच्या पाळीची तारीख' एवढंच होतं, तिथे आता तीन ओळी आहेत. रक्त जाणं सुरू झालं तो दिवस. आंघोळीचा नव्हे. तारीख कोणी सांगितली, बाईने स्वतः की दुसऱ्याने. वानखडेंनी तोच फॉर्म आपल्या काउंटरवर ठेवला आणि सिस्टरला ताकीद दिली, की ही तारीख नवऱ्याला विचारायची नाही. पहिल्याच महिन्यात आणखी एक बाई तशीच सापडली. हिंगणघाटकडची, दुकानदाराच्या घरची. तिथे ठिपका नव्हता, पण तारीख न्हाणाचीच. तेव्हा मला कळलं की हे एका घराचं नव्हतं. आम्ही इतकी वर्षं अशा किती तारखा लिहून घेतल्या असतील, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही.

मग एका दुपारी फोन वाजला. सुभद्राबाई होत्या. आवाज एवढा मोठा की लतालाही ऐकू गेला.

"म्याडम, पोरगी झाली! गोरीपान. नाक गजूवानी हाय, पन चालन."

"अभिनंदन, मावशी! प्रणिता कशी आहे?"

"झोपली हाय. अन् आयका, बारसं बाराव्या दिवशी हाय. तुमाले या लागते. मी पोरगी झाली थो दिवस पयला धरून मोजून राह्यली. बरोबर हाय नं? नाई तं मंग तुमी म्हनसान, बुढी पुन्हा चुकली."

"अगदी बरोबर आहे," मी म्हटलं. इतकं मोकळं मी कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

आणि मग, आता ही खोड जायची नाही म्हणून, विचारून घेतलं, "मावशी, पोरगी झाली तो दिवस तुम्हाला कोणी सांगितला? प्रणिताने की गजाननने?"